उलाळ : एका चाकावरच्या गाडीचा इतिहास आणि माझी एक चूक

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती. कारण अर्धवट माहितीवर मत ठोकल्यावर काय होतं, तेच सांगायला बसलोय.

गेल्या पावसाळ्यात मी एक बातमी दिली होती. सहा ओळींची. 'स्टंटबाजी अंगलट, बायपासवर दुचाकीस्वार गंभीर जखमी'. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती वाचली, ग्रुपवर फिरवली. 'अशांना असंच पाहिजे' असंही काहींनी लिहिलं. मीही त्यावर अंगठा दाबला होता. खोटं कशाला बोलू?

बातमी आली रात्री साडेदहाला. पान जायची वेळ. फोन करणाऱ्याला विचारलं, "पोरगं कोण?" तो म्हणाला, "ते नाही का, ड्यूकवालं, रील टाकतंय ते." मोबाइल उघडला तर त्याचे चार-पाच व्हिडिओ समोरच. एमआयडीसीच्या मागचा रस्ता, संध्याकाळची वेळ, पुढचं चाक हवेत. झालं. मी शीर्षक दिलं आणि झोपलो.

आठ दिवसांनी त्याचे वडील ऑफिसात आले. हातात बातमीचं कात्रण, प्लास्टिकच्या पिशवीत. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "दादा, पोरगं स्टंट करतं. मी नाही म्हणत नाही. मीच दोनदा चावी काढून घेतली होती त्याची. पण त्या रात्री ते सेकंड शिफ्ट करून घरी येत होतं. रस्त्यात खडीचा ढीग होता. ना दिवा, ना साधा चुना मारलेला दगड. तुम्ही एकदा बघून तरी यायचं."

मी गेलो. ढीग तिथेच होता. अर्धा रस्ता अडवून. मग पोलीस ठाण्यात जाऊन पंचनामा वाचला. त्यात ढिगाचा उल्लेख आहे, मोजमापासकट. स्टंट हा शब्द कुठेही नाही. तो शब्द फक्त माझ्या बातमीत होता. आणि विम्याच्या माणसानं माझं ते कात्रण क्लेमच्या फाईलला लावलं होतं.

दुरुस्ती छापली. पाचव्या पानावर, खाली, तीन ओळी. ती किती जणांनी वाचली असेल ते तुम्हीही जाणता. म्हणून ही पोस्ट. आणि नुसती माफी मागून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून गेले काही महिने मी या एका चाकाच्या मागे लागलो. ही पोरं गाडी का उचलतात? हे कधी सुरू झालं, आपल्याकडे कसं आलं? त्यातलं जे हाती लागलं ते सांगतो.

शब्दापासून सुरुवात करू

इंग्रजीत याला व्हीली म्हणतात. आपली पोरं 'व्हिली मारणे' म्हणतात किंवा नुसतं 'गाडी उचलणे'. पण जुन्या माणसांकडे याच्यासाठी शब्द होता. बैलगाडीत ओझं मागच्या बाजूला जास्त झालं की जू वर उचललं जातं, गाडी मागे कलते. त्याला म्हणायचे गाडी उलाळली. ऊस भरताना, कडबा भरताना म्हातारी माणसं ओरडायची, "पुढं टाका रं, उलाळ व्हतीय." मोटरसायकलचं पुढचं चाक उचलणं म्हणजे वेगळं काही नाही. उलाळच आहे. फक्त इथे ती मुद्दाम करायची आणि तोल धरून ठेवायची.

सायकलवरची उलाळ तर फार जुनी. अमेरिकेत डॅनियल कॅनरी नावाचा सायकलवर कसरती करणारा माणूस होता. १८९० च्या सुमारास तो एका चाकावर सायकल चालवून दाखवायचा, म्हणून पहिला मान त्याला देतात. म्हणजे मोटरसायकल धड जन्मलीही नव्हती, तेव्हापासून माणसाला हे वेड आहे. पुढे १९६३ साली अमेरिकेत श्विन कंपनीनं स्टिंग-रे नावाची पोरांची सायकल काढली. लांबट सीट, उंच हँडल. बसायची जागा मागे गेली की वजन मागे जातं आणि पुढचं चाक सहज उठतं. गल्लीगल्लीत पोरं सायकली उचलायला लागली. हीच पोरं मोठी होऊन मोटरसायकलवर बसली.

त्यांच्यासमोर आदर्श होता ईव्हल नीव्हल. मोंटाना राज्यातल्या ब्यूट या खाणीच्या गावचा. ३१ डिसेंबर १९६७ ला लास वेगासमध्ये सीझर्स पॅलेस हॉटेलसमोरच्या कारंज्यांवरून त्यानं मोटरसायकलची उडी मारली आणि उतरताना असा आपटला की हाडांचा चुरा झाला. उडीच्या आधी लोकांना तापवायला तो सीटवर उभा राहून गाडी एका चाकावर पळवायचा. लोक उडी बघायला यायचे आणि व्हीली बघून घरी जाऊन सायकल उचलायचे.

गाड्याही तशाच यायला लागल्या. जपानच्या कावासाकीनं १९६९ च्या सुमारास पाचशे सीसीची तीन सिलेंडरची टू-स्ट्रोक काढली, १९७२ ला साडेसातशेची. ताकद एकदम यायची. फ्रेम आणि ब्रेक मात्र त्या ताकदीला पुरे पडायचे नाहीत. चालवणाऱ्याची इच्छा असो-नसो, पुढचं चाक उठायचं. तिकडचे लोक तिला 'विधवा करणारी' म्हणत. हे नाव लक्षात ठेवा. कौतुक आणि मरण, दोन्ही पहिल्यापासून एकाच गाडीवर बसलेलं आहे.

१९८४ ला अमेरिकेत डग डोमोकोस या माणसानं टॅलाडेगाच्या रेसिंग ट्रॅकवर एका चाकावर १४५ मैल, म्हणजे सुमारे २३३ किलोमीटर गाडी चालवली. थांबला तो तोल गेला म्हणून नाही, पेट्रोल संपलं म्हणून. १९९१ ला जपानच्या यासुयुकी कुदो यांनी ते ३३१ किलोमीटरवर नेलं. साताऱ्याहून नाशिकला जाताना पुढचं चाक एकदाही खाली टेकवायचं नाही, असं समजा. त्यांची गाडी होती २२० सीसीची ट्रायल बाईक. म्हणजे मोठं इंजिन लागतं हा समजही खोटा.

आणि मग १९९८. यामाहाची आर-वन आली. ९९८ सीसी, दीडशे हॉर्सपॉवर आणि वजन कोरडं १७७ किलो. त्यांचे इंजिनीअर कुनिहिको मिवा यांनी गिअरबॉक्सचे शाफ्ट एकावर एक रचून इंजिन आखूड केलं. त्यामुळे दोन चाकांमधलं अंतर १३९५ मिलिमीटरवर आलं. ताकद जास्त, गाडी हलकी आणि आखूड. उलाळीला आणखी काय पाहिजे? पुढच्याच वर्षी स्वीडनच्या पॅट्रिक फुर्स्टेनहॉफनं एका चाकावर ताशी ३०७ किलोमीटरचा वेग गाठला, इंग्लंडमधल्या एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर. त्याच काळात अमेरिकेतल्या ओहायोकडच्या पोरांनी हमरस्त्यावर केलेल्या स्टंटच्या व्हिडिओ कॅसेट जगभर फिरायला लागल्या.

इथेच दोन वाटा फुटल्या. एक वाट धावपट्टीवर गेली, दुसरी हमरस्त्यावर.

आपल्याकडे

आमच्या पिढीनं मोटरसायकलवरची पहिली कसरत बघितली ती यात्रेत. पुसेगावच्या यात्रेला वडिलांच्या खांद्यावर बसून मी मौत का कुवा बघितलाय. फळ्यांची ती उभी विहीर, आत भिंतीवर फिरणारी गाडी, हात सोडून दहाची नोट टिपणारा माणूस. फळ्या हलायच्या. वर उभे राहिलेले आपण हलायचो. त्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि त्याचा विमा कुणी उतरवला असेल असं वाटत नाही. पण लोक टाळ्या वाजवायचे. स्टंटबाज कुणी म्हणत नव्हतं.

दुसरी कसरत टीव्हीवर. २६ जानेवारीला सकाळी दिल्लीचं संचलन. लष्कराच्या सिग्नल कोअरचं डेअरडेव्हिल्स पथक १९३५ पासूनचं आहे. बुलेटवर मनोरे, शिडीवर उभा राहून सलामी. २०१८ ला सीमा सुरक्षा दलाच्या मुलींचं 'सीमा भवानी' पथक पहिल्यांदा राजपथावर उतरलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत लोक उठून उभे राहिले असतील! जिथे घरटी माणूस फौजेत आहे अशी गावं आपल्याकडे आहेत. तिथल्या पोराला गाडीवरची कसरत म्हणजे शौर्य वाटलं, तर त्यात नवल काय?

आता गाड्या. १९८३ ला राजदूत ३५० आली. यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक. तालुक्याच्या गावात ती एखाद्याच पाटलाकडे असायची. आमच्या हाती लागली ती आरएक्स १००. १९८५ च्या अखेरीस आली, १९९६ ला बंद झाली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे वाचून आजची पोरं हसतील. पण तिचा तो आवाज आणि क्लच सोडल्यावर बसणारा हिसका ज्यांनी अनुभवलाय, ते हसणार नाहीत.

१९९८ साल. मी कॉलेजात. माझ्या मित्राच्या मामाची आरएक्स. साखर कारखान्याच्या मागे मळी टाकायचं मोकळं रान होतं, तिथे आम्ही तिघं जायचो. शिकवणारं कुणी नाही. फर्स्टला टाकायची, रेस द्यायची, क्लच एकदम सोडायचा आणि हँडल ओढायचं. चाक वीतभर उठायचं आणि दणकन आपटायचं. तेवढ्यावर आम्ही महिनाभर खूश होतो. एके दिवशी मित्रानं जास्त रेस दिली. गाडी उभीच राहिली. मागचा ब्रेक दाबायचा असतो हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तो पाठीवर पडला, गाडी त्याच्या गुडघ्यावर. रॉड पडला. आजही पावसाळ्यात तो पाय ओढत चालतो.

घरी आम्ही सांगितलं, कुत्रं आडवं आलं. सत्तावीस वर्षं ते कुत्रं आमच्या कथेत जिवंत आहे. आज त्या मित्राच्या परवानगीनं मारून टाकतो.

म्हणजे हिशेब बघा. मी खरोखर स्टंट करत होतो, तेव्हा मला कुणी स्टंटबाज म्हटलं नाही. तो पोरगा त्या रात्री स्टंट करत नव्हता, त्याला मी म्हटलं.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीतच आहे. १९९९ ला हिरो होंडाची सीबीझेड. नोव्हेंबर २००१ ला बजाजची पल्सर, १५० आणि १८०. आपल्या पुण्यात घडलेली गाडी, आणि जाहिरात काय, तर ही 'मर्द' आहे. २००४ ला 'धूम' सिनेमा आला. चोर सुझुकीच्या गाड्यांवरून पळतात आणि थिएटरमधली पोरं चोरांच्या बाजूनं शिट्ट्या मारतात. सिनेमा सुटल्यावर थिएटरच्या पार्किंगमधून गाड्या कशा बाहेर पडायच्या ते आठवतं का? मग २००९ च्या सुमारास टीव्हीवर पल्सरच्या नावानं स्टंटचीच स्पर्धा सुरू झाली.

जानेवारी २०१२ ला केटीएमची ड्यूक २०० आली. कंपनी ऑस्ट्रियाची, कारखाना चाकणचा. २५ हॉर्सपॉवर, किंमत सव्वा लाखाच्या आत. २०१३ ला ३९०, तिची ताकद ४३ हॉर्सपॉवर. जी ताकद आमच्या पिढीला पोस्टरवर बघायला मिळायची, ती हप्त्यावर दारात आली. २०१६ ला जिओ आलं, डेटा फुकटासारखा झाला. आधी टिकटॉक. ते जून २०२० ला बंद झालं आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात रील आलं. मळीच्या रानात आम्हाला तीन जण बघायचे. या पोराला एका संध्याकाळी चाळीस हजार बघतात.

कुणी शिकवलं विचारता? आपण सगळ्यांनी मिळून शिकवलं. जाहिरातीनं, सिनेमानं, टीव्हीनं. पेपरनंसुद्धा. पल्सरच्या पानभर जाहिराती आमच्याच पेपरात यायच्या. वरच्या पानावर जाहिरात, खालच्या पानावर 'स्टंटबाजांचा उच्छाद'.

चाक उठतं कसं

तो मित्र, गुडघ्यात रॉडवाला, आज गॅरेज चालवतो. आपल्या गावातल्या अर्ध्या ड्यूक त्याच्याकडे येतात. त्याच्याकडे बसून दोन-तीन संध्याकाळी मी हे समजून घेतलं.

तो म्हणाला, "हँडल ओढून गाडी उठत नाही गड्या. आपण वेडे होतो." गाडी पुढे झेपावते तेव्हा वजन मागच्या चाकावर जातं. चालवणाऱ्यासकट गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून जितका उंच असतो, जवळपास तितकाच तो मागच्या चाकाच्या टेकण्यापासून पुढे असतो. त्यामुळे पुढचं चाक उचलायचं तर, हातातला दगड सोडल्यावर तो ज्या जोरानं खाली वेग धरतो, जवळपास तितक्याच जोरानं गाडीनं पुढे वेग धरावा लागतो. मोठ्या गाडीत नुसत्या रेसवर हे होतं. लहान गाडीत तेवढी ताकद नसते, म्हणून क्लच दाबून इंजिन फिरवतात आणि एकदम सोडतात. साठवलेला जोर एका झटक्यात चाकावर येतो.

एकदा चाक उठलं की ते जितकं वर जाईल तितकी कमी ताकद लागते. वर एक जागा अशी येते की गाडी आपोआप तोलावर उभी राहते. उस्ताद माणसं त्या जागेवर राहतात, म्हणून त्यांची गाडी सावकाश, मजेत चालल्यासारखी दिसते. त्या जागेच्या पलीकडे गेलं की गाडी पाठीवर. तिथून परत आणणारी एकच गोष्ट, मागचा ब्रेक. तो किंचित दाबला की पुढचं चाक खाली येतं. इंग्लंडमध्ये व्हीली शिकवण्याचे रीतसर क्लास चालतात. बंद धावपट्टीवर, अंगावर पूर्ण चामड्याचा पोशाख, आणि ठरावीक कोनापलीकडे गेल्यावर इंजिनची ताकद तोडणारं यंत्र गाडीला लावलेलं. तिथे सगळ्यात आधी पाय मागच्या ब्रेकवर ठेवायला शिकवतात. चाक खाली कसं आणायचं ते आधी, वर कसं न्यायचं ते नंतर.

मित्र म्हणाला, "आपल्या पोरांना वर न्यायचं रीलवरून कळतं. खाली आणायचं रीलमध्ये नसतं."

गाडीचं काय होतं तेही त्यानं दाखवलं. चाक आपटून कोनसेट जातो, शॉकअपचं ऑइल सील फुटतं, क्लचप्लेटा जळतात, चेन ताणते. गाडी बराच वेळ उभी धरली की इंजिनातलं ऑइल मागे सरकतं आणि वरचे भाग कोरडे फिरतात. पंधरा हजार पगाराचं पोरगं महिन्याला चार हजार गॅरेजला देतं. आज नव्या मोठ्या गाड्यांना व्हीली रोखणारी यंत्रणाच येते. २०१५ च्या आर-वनमध्ये गाडीचा कल मोजणारा सेन्सर आहे, पुढचं चाक उठलं की तो इंजिनची ताकद कमी करतो. ज्या गाडीनं जगाला उलाळ शिकवली, तिनंच लगाम घातला. पण आपल्याकडच्या सेकंडहँड ड्यूकला असलं काही नसतं.

कायदा आणि आपण

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुमचं म्हणणं रस्त्यावर गाड्या उचलू द्यायच्या? अजिबात नाही. तसं कुणी वाचलं असेल तर पुन्हा वाचा.

एका चाकावरच्या गाडीला पुढचा ब्रेक नाही, वळायची सोय नाही आणि समोरचं नीट दिसत नाही. सार्वजनिक रस्त्यावर समोर शाळेतून येणारी मुलगी असते, औषध घेऊन निघालेले आजोबा असतात. त्यांनी या खेळाला होकार दिलेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर कैद किंवा हजार ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९९ अ आलं. गाडी अल्पवयीन पोराच्या हातात असेल तर पालक किंवा गाडीमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. सोळा वर्षांच्या पोराला वाढदिवसाला गाडी देणाऱ्या पालकांनी हे भिंतीवर लावून ठेवावं.

देशात २०२२ ला रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. शंभरातले चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरचे. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेल्यांचा सरकारी आकडा पन्नास हजारांच्या वर आहे. यात व्हीली मारणारे किती? मूठभरही नसतील. बाकीचे साधे लोक, कामावरून घरी येणारे. या खडीच्या ढिगासारख्या ढिगांवर. पण मूठभरांची बातमी होते, कारण तिला शीर्षक चटकन सुचतं. ढिगाला शीर्षक सुचत नाही.

आणि आता मुद्द्याचं. आपल्या भागात धोकादायक छंदाचं काय करायचं हा प्रश्न काही पहिल्यांदा आलेला नाही. बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ ला बंदी घातली. पोरं रात्री रानात, चोरून शर्यती लावायला लागली. गुन्हे पडले. २०१७ ला राज्यानं कायदा केला, डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटींवर परवानगी दिली, मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अंतराला मर्यादा आहे, बैलांची डॉक्टरी तपासणी आहे. दहीहंडीचंही तसंच. २०२२ ला साहसी खेळ म्हणून मान्यता, गोविंदांना विमा. दोन्हीकडे धोका पूर्ण गेला असं नाही. पण धोक्याला जागा, वेळ आणि जबाबदार माणूस मिळाला.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यत लावणाऱ्याला शिक्षा सांगतं. पण त्यात शब्द आहेत, राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय. म्हणजे कायद्यानं कडी लावलीय, पण दाराला. भिंत बांधलेली नाही. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी पडून होती, तिथे वर्षानुवर्षं शर्यती झाल्या. त्यातून तिकडे पिढ्या तयार झाल्या, पुढे पक्का ट्रॅकही झाला. आपल्याकडच्या पोरांना तिकडच्या पोरांपेक्षा हौस कमी आहे का?

आपण काय केलं? रस्त्यावर स्पीडब्रेकर टाकले, ज्यावर आता बाळंतिणीची रिक्षा आपटते. सायलेन्सर जप्त करून रोलर फिरवला आणि फोटो काढले. तो फोटो मीच काढला होता. सायलेन्सरवर रोलर बरोबरच होता, तो आवाज असह्य आहे. पण त्यानंतर पोरं बायपास सोडून घाटरस्त्याला जायला लागली, एवढंच झालं.

एमआयडीसीच्या शेवटच्या टोकाला एक आखलेला, डांबर पडलेला आणि पुढे कुठेच न जाणारा रस्ता आहे. दोन्हीकडचे प्लॉट दहा-बारा वर्षं रिकामे. रविवारी सकाळी दोन तास, पोलिसांच्या माहितीत, दोन्ही टोकांना बॅरिकेड, एक ॲम्ब्युलन्स. हेल्मेट, गुडघ्याची-कोपराची गार्ड आणि लायसन असेल त्यालाच प्रवेश. शिकवायला माहीतगार माणूस. रस्त्यावर उचलताना सापडला की कायमचा बाद. असा अर्ज करून बघायला काय हरकत आहे? अडचणी आहेत, मला दिसतात. परवानगी कोण देणार, काही झालं तर जबाबदार कोण, ॲम्ब्युलन्सचे पैसे कोण भरणार? माझ्या बायकोनंच विचारलं, "उद्या तिथं पोरगं मेलं तर त्याच्या आईला तू काय सांगणार?" माझ्याकडे उत्तर नाही. पण आज बायपासवर मेलं तर काय सांगतो, त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

शेवटचं

मागच्या आठवड्यात त्या पोराला भेटायला गेलो. पाय अजून प्लास्टरमध्ये. कंपनीनं कामावर परत घेतलेलं नाही. मला वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, "काका, तुम्ही माझे व्हिडिओ पूर्ण बघितले का?" म्हटलं, नाही. त्यानं दाखवले. तेवीस व्हिडिओ. सगळ्यांत हेल्मेट होतं. मी दोन-चार सेकंद बघून बोटानं वर ढकलले होते.

मी त्याला माझा आरएक्सचा किस्सा सांगितला. मागच्या ब्रेकवर आला तेव्हा हसला. म्हणाला, "तेवढंही माहीत नव्हतं तुम्हाला?" मी म्हटलं, "रस्त्यावर परत नाही ना उचलणार?" तो काही बोलला नाही. त्याची आई चहा ठेवून गेली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं.

विम्याच्या ऑफिसला मी लेखी पत्र दिलंय, पंचनाम्याची प्रत जोडून. बातमीतला 'स्टंटबाजी' हा शब्द माझा होता, तो चुकीचा होता, असं त्यात लिहिलंय. त्यांच्याकडून अजून काही कळलेलं नाही. इथेही तेच लिहितो. तो शब्द मी मागे घेतो. ज्यांनी ती बातमी पुढे पाठवली होती, त्यांनी ही पोस्टही त्याच ग्रुपवर पाठवावी.

खडीचा ढीग काल संध्याकाळपर्यंत तिथेच होता. शेतकी शाळेच्या पुढे, डाव्या हाताला. रात्री त्या बाजूनं जाणार असाल तर जपून. कुणाकडे पांढरा रंग असेल तर सांगा, उद्या सकाळी आपण दोन-चार जण जाऊन दगड रंगवून येऊ. रविवारच्या अर्जाचं नंतर बघू. सुरुवात त्या दगडापासून करू.